अट घातली आणि निवडी वाढल्या?

एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी सहा जणांची समिती नेमायची आहे. काम करायला दहा जण तयार आहेत. त्यांत सहा स्त्रिया: मुख्याध्यापिकाबाई, परिचारिका, अंगणवाडीताई, सरपंचबाई, शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी. पुरुष चार: डॉक्टर, पोस्टमन, किराणा दुकानदार आणि निवृत्त तलाठी. अट एकच. समितीत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, म्हणजे किमान तिघी. अशा वेगवेगळ्या किती समित्या होऊ शकतील?

हे गणित बहुतेक जण असं सोडवतात. आधी सहा स्त्रियांतून तिघी निवडू. ते २० प्रकारे होतं. अट तर पुरी झाली. आता उरलेल्या सात जणांतून कोणतेही तिघे घेऊ, मग ते पुरुष असोत की स्त्रिया. ते ३५ प्रकारे होतं. २० गुणिले ३५ म्हणजे ७०० समित्या.

विचार स्वच्छ वाटतो, आणि परीक्षेच्या पेपरात हे उत्तर हमखास येतं. पण क्षणभर ती अट बाजूला ठेवा आणि दहा जणांतून कोणतेही सहा किती प्रकारे निवडता येतात ते पाहा. उत्तर येतं २१०. म्हणजे मोकळीक होती तेव्हा २१० समित्या, आणि बंधन आल्यावर ७००! अटीमुळे निवडी कमी होतील, फार तर तेवढ्याच राहतील, वाढणार कशा? तरीही वरच्या हिशेबातली एकही पायरी उघड चुकीची दिसत नाही.

ही चूक नीट समजली तर अटींसह निवडी मोजण्याचं जवळजवळ सगळं शास्त्र हाती येतं, असं मला वाटतं. त्यासाठी आधी २०, ३५ आणि २१० हे आकडे आले कुठून ते पाहायला हवं.

## क्रम पुसायचा म्हणजे भागायचं

सहा स्त्रियांतून दोघी निवडायच्या आहेत. पहिल्या जागेसाठी सहा पर्याय, दुसऱ्या जागेसाठी उरलेले पाच, म्हणून ६ × ५ = ३०. पण या तीसमध्ये ‘आधी परिचारिका, मग सरपंचबाई’ आणि ‘आधी सरपंचबाई, मग परिचारिका’ हे दोन्ही मोजले गेले आहेत. समितीला कोण आधी निवडलं गेलं याच्याशी कर्तव्य नाही, जोडी तीच. प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली म्हणून ३० ला २ ने भागायचं. जोड्या १५.

तिघींचंही तसंच. ६ × ५ × ४ = १२०. कोणत्याही तिघींना ओळीत उभं करण्याचे प्रकार सहा, म्हणून प्रत्येक तिकडी सहा वेळा मोजली गेली. १२० भागिले ६ म्हणजे २०. क्रम न पाहता केलेल्या अशा निवडीला गणितात कॉम्बिनेशन म्हणतात.

दहातून सहा निवडताना एक सोय लक्षात ठेवावी. समितीत सहा जणांना घेणं आणि चौघांना वगळणं हे एकच काम आहे, म्हणून वगळायचे चौघेच मोजले तरी चालतं. १० × ९ × ८ × ७ = ५०४०; चौघांचे क्रम २४; भागाकार २१०.

इथे वरवर साधी वाटणारी एक गोष्ट आहे, तिच्यावर थोडं थांबू. आपण भागू शकलो याचं कारण प्रत्येक जोडी बरोबर दोनदा मोजली गेली होती आणि प्रत्येक तिकडी बरोबर सहा वेळा. एखादी जोडी दोनदा आणि दुसरी पाचदा आली असती, तर कोणत्याही एका संख्येने भागून खरं उत्तर मिळालं नसतं. जादा मोजलेलं चालतं, पण ते सगळ्यांच्या बाबतीत सारखं जादा असावं लागतं.

## भास्कराचार्यांची रीत

ही मोजणी आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्याच्या ‘लीलावती’ या भागात या मोजणीची एक देखणी रीत दिली आहे. जितक्या वस्तू असतील तितके अंक उलट्या क्रमाने लिहायचे, त्यांच्याखाली तेच अंक सुलट्या क्रमाने, आणि मग वरच्याने गुणत, खालच्याने भागत पुढे जायचं.

सोबत त्यांनी घेतलेलं उदाहरण स्वयंपाकघरातलं आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा रस. त्यांतला एक-एक, दोन-दोन, तीन-तीन असे घेऊन किती प्रकार होतील? वरच्या ओळीत ६, ५, ४, ३, २, १ आणि खाली १, २, ३, ४, ५, ६. एका रसाचे प्रकार ६. मग ६ × ५ ÷ २ = १५ जोड्या. १५ × ४ ÷ ३ = २०. पुढे १५, ६ आणि शेवटी सहाही रस एकत्र असा १. बेरीज ६३. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांतही रसांचे प्रकार ६३च सांगितले आहेत. वैद्यांना औषधांचा विचार करताना हा हिशेब लागत असे.

या रीतीतली प्रत्येक पायरी तपासून पाहण्यासारखी आहे. पंधरा जोड्यांपैकी प्रत्येक जोडीत उरलेल्या चारांपैकी एक रस मिसळला तर १५ × ४ = ६० तिकड्या होतात. पण गोड-आंबट-तिखट ही तिकडी गोड-आंबटमध्ये तिखट घालून येते, आंबट-तिखटमध्ये गोड घालून येते आणि गोड-तिखटमध्ये आंबट घालूनही येते. प्रत्येक तिकडी अशी बरोबर तीन वेळा येते, म्हणून भागिले ३. भास्कराचार्यांच्या खालच्या ओळीतला प्रत्येक अंक एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: तीच निवड किती वेळा समोर आली?

भास्कराचार्यांचा आणि महाराष्ट्राचा एक धागा दगडावर कोरलेला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, असं सांगणारा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.

## सातशेचा दोष

आता वाचनालयाकडे येऊ. एक समिती घ्या: मुख्याध्यापिकाबाई, परिचारिका, सरपंचबाई, अंगणवाडीताई, डॉक्टर आणि पोस्टमन. स्त्रिया चार, म्हणजे अटीत बसते. आपल्या पहिल्या हिशेबात ती किती वेळा मोजली गेली?

आपण आधी ‘अट पुरी करणाऱ्या’ तिघी निवडल्या आणि मग उरलेले तिघे. या समितीतल्या चौघींपैकी पहिल्या तिघी कोणत्याही असू शकतात. मुख्याध्यापिकाबाई, परिचारिका आणि सरपंचबाई आधी निवडल्या आणि अंगणवाडीताई नंतर आल्या, तरी समिती हीच. परिचारिका, सरपंचबाई आणि अंगणवाडीताई आधी आणि मुख्याध्यापिकाबाई नंतर, तरीही हीच. असे चार प्रकार. म्हणजे ही एक समिती चार समित्या म्हणून मोजली गेली.

समितीत पाच स्त्रिया असतील तर पाचांतून तीन निवडण्याचे प्रकार दहा, म्हणून ती समिती दहा वेळा मोजली जाते. सहाही स्त्रिया असलेली एकुलती एक समिती वीस वेळा. आणि नेमक्या तीन स्त्रिया असलेली समिती मात्र एकदाच. इथे जादा मोजणी झाली आणि तीही असमान. म्हणून ७०० ला कशानेही भागलं तरी खरं उत्तर निघत नाही. दोष गुणाकारात नव्हता. ‘आधी निवडलेल्या’ आणि ‘नंतर आलेल्या’ असा जो भेद आपण स्त्रियांमध्ये केला, तो समितीत अस्तित्वातच नाही.

उपाय असा. ‘किमान तिघी’ हे वाक्य फोडून ‘नेमक्या तिघी, किंवा नेमक्या चौघी, किंवा नेमक्या पाचजणी, किंवा नेमक्या सहाजणी’ असं लिहायचं. कोणतीही समिती यांपैकी एकाच गटात बसते, दोन गटांत बसूच शकत नाही. प्रत्येक गट वेगळा मोजायचा आणि शेवटी बेरीज करायची.

नेमक्या तिघी असतील तर पुरुषही तिघे लागतील: २० × ४ = ८०.
नेमक्या चौघी आणि दोन पुरुष: १५ × ६ = ९०.
पाचजणी आणि एक पुरुष: ६ × ४ = २४.
सहाही स्त्रिया: १.

एकूण १९५. स्त्रियांची निवड ‘आणि’ पुरुषांची निवड, तिथे गुणाकार. हा गट ‘किंवा’ तो गट, तिथे बेरीज.

हवं तर सातशेचा पडताळाही घेता येतो. ८० समित्या एकदा, ९० समित्या चार वेळा, २४ समित्या दहा वेळा आणि १ समिती वीस वेळा: ८० + ३६० + २४० + २० = ७००. चुकीच्या उत्तराचा कण न् कण हिशेबात बसला. चुकीचं उत्तर नुसतं खोडून टाकण्यापेक्षा ते कसं तयार झालं हे असं उलगडून पाहावं. विद्यार्थ्यांना शिकवताना तर अवश्य.

१९५ ला पोहोचण्याची दुसरी वाट याहून जवळची आहे. अटीत न बसणाऱ्या समित्या मोजा आणि एकूणातून वजा करा. पुरुष चारच असल्याने सहा जणांच्या समितीत दोघी तरी स्त्रिया येणारच. म्हणजे अट मोडणारी समिती एकाच प्रकारची: दोन स्त्रिया आणि चारही पुरुष. अशा समित्या १५. मग २१० − १५ = १९५. चार गटांचा हिशेब एका वजाबाकीत आला.

‘किमान निम्म्या’ ही अट मी मनानं घेतलेली नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असावी आणि तिच्यात निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्याच्या निकालात सांगितलं. २०१३ च्या कायद्यातही ती अट आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. आपल्या सार्वजनिक जीवनातल्या कितीतरी समित्या ‘किमान’ या शब्दावर उभ्या आहेत.

## ‘जास्तीत जास्त चार परदेशी’

‘किमान’चं जुळं भावंड म्हणजे ‘जास्तीत जास्त’. आयपीएलमधल्या संघाला जास्तीत जास्त २५ खेळाडू ठेवता येतात, त्यांत परदेशी जास्तीत जास्त ८. आणि मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांत परदेशी चारांहून अधिक नकोत. समजा एका संघाकडे १७ भारतीय आणि ८ परदेशी, असे पूर्ण २५ खेळाडू आहेत. नियम पाळून अकरा जणांचा संघ किती प्रकारे करता येईल?

परदेशी शून्य, एक, दोन, तीन किंवा चार असे पाच गट पडतात. परदेशी खेळाडू नसेल तर १७ भारतीयांतून ११, म्हणजे १२,३७६ प्रकार. एक परदेशी आणि दहा भारतीय: १,५५,५८४. दोन: ६,८०,६८०. तीन: १३,६१,३६०. चार: पुन्हा १३,६१,३६०. एकूण ३५,७१,३६०.

नियमच नसता तर २५ मधून ११ निवडण्याचे प्रकार ४४,५७,४०० झाले असते. म्हणजे इतका चर्चेत असलेला हा नियम, नुसत्या मोजणीच्या दृष्टीने पाहिलं तर, पाचांपैकी साधारण एकच संघ बाद करतो. अर्थात यष्टिरक्षक नाही किंवा गोलंदाज दोनच आहेत, असे संघही या पस्तीस लाखांत आहेत. कर्णधाराला खरोखर उपयोगी पडणारे संघ फार थोडे. आणि ८ परदेशी खेळाडूंत उत्तम असे सहा असतील, तर बाद झालेला पाचवा हिस्साच प्रशिक्षकाला हवासा वाटू शकतो. मोजणी संख्या सांगते, संघाची ताकद सांगत नाही.

इथे वजाबाकीची वाट घ्यावी का? अट मोडणारे गट म्हणजे पाच, सहा, सात किंवा आठ परदेशी, असे चार. सरळ वाटेवर पाच, उलट वाटेवर चार. फरक फारसा नाही. मी तर अशा वेळी दोन्ही वाटांनी जातो, कारण ८,८६,०४० हा उलट बाजूचा आकडा ३५,७१,३६० मध्ये मिळवून ४४,५७,४०० आला की उत्तराबद्दल शंका उरत नाही.

## हवाच किंवा नकोच

काही अटी एकाच व्यक्तीविषयी असतात. समजा सरपंचबाई वाचनालयाच्या समितीत असायलाच हव्यात. मग त्यांची निवड झालीच. उरलेल्या नऊ जणांतून पाच निवडा: १२६. उलट, सरपंचबाईंना कामाच्या व्यापामुळे जमणार नसेल, तर त्यांना यादीतून वगळून नऊ जणांतून सहा निवडा: ८४. दोन्हींची बेरीज १२६ + ८४ = २१०, म्हणजे मूळ एकूण. असणारच तसं, कारण प्रत्येक समितीत सरपंचबाई असतात किंवा नसतात.

एवढ्या साध्या निरीक्षणातून गणितातली एक सुंदर रचना उभी राहते. एखादी व्यक्ती ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन आकड्यांच्या बेरजेने पुढचा आकडा मिळतो. हे करत गेलं की अंकांचा एक त्रिकोण तयार होतो, ज्यात प्रत्येक अंक वरच्या दोन अंकांची बेरीज असतो. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदशास्त्रावर टीका लिहिताना हा त्रिकोण मेरुप्रस्तार म्हणून समजावून सांगितला आहे. त्याला तो वृत्तांसाठी हवा होता. सहा अक्षरांच्या चरणात नेमकी दोन अक्षरं गुरू आणि बाकीची लघू असतील, असे चरण किती? सहा जागांतून दोन जागा निवडायच्या: १५. सहा स्त्रियांतून दोघी निवडताना आला होता तोच आकडा. युरोपात हा त्रिकोण सतराव्या शतकातल्या पास्कालच्या नावाने ओळखला जातो.

वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांचा विचार केला आहे. वाळा, तगर, कापूर, चंदन अशा सोळा द्रव्यांतून चार-चार घेतली तर १८२० मिश्रणं होतात, हा आकडा त्याने दिला आहे. त्यात चंदन हवंच अशी अट आपण घातली तर उरलेल्या पंधरांतून तीन निवडायची: ४५५. चंदन नकोच म्हटलं तर पंधरांतून चार: १३६५. बेरीज पुन्हा १८२०. शिवाय निवडलेली चार द्रव्यं एक, दोन, तीन आणि चार भाग अशा प्रमाणात घालायची असतील, तर कोणतं द्रव्य किती भाग हे ठरवण्याचे २४ प्रकार, आणि मिश्रणं ४३,६८०. म्हणजे द्रव्यं निवडताना क्रम पुसायचा, पण प्रमाण ठरवताना क्रम परत आणायचा. समितीतून अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष नेमतानाही हेच करावं लागतं: सहा जणांतून ६ × ५ × ४ = १२० प्रकारे, कारण तिथे कोण कुठल्या जागी हे महत्त्वाचं असतं.

## दोघांचं पटत नसेल तर

आता थोडी अवघड अट. पोस्टमन आणि निवृत्त तलाठी यांचं बांधावरून जुनं भांडण आहे. दोघांपैकी कोणी एक चालेल, दोघेही नसले तरी चालेल, पण दोघे एकत्र नकोत. ‘नकोत’ म्हटलं की आधी ‘आहेत’ मोजावं. दोघेही समितीत आहेत असं धरलं, तर उरलेल्या आठांतून चार निवडायचे: ७०. म्हणून चालणाऱ्या समित्या २१० − ७० = १४०.

अट उलट असेल, म्हणजे मावशी म्हणाल्या, ‘अंगणवाडीताई असतील तरच मी येईन’, तर बाद होणाऱ्या समित्या म्हणजे मावशी आहेत पण ताई नाहीत अशा. मावशी पक्क्या, ताई वगळलेल्या, आठांतून पाच: ५६. उरल्या १५४. आणि ‘येऊ तर दोघी, नाहीतर कोणीच नाही’ असं ठरलं, तर दोघी असलेल्या ७० आणि दोघी नसलेल्या २८ मिळून ९८.

खरी कसोटी दोन अटी एकत्र आल्यावर लागते. किमान तीन स्त्रिया हव्यात आणि पोस्टमन-तलाठी एकत्र नकोत. स्त्रियांच्या अटीने १५ समित्या बाद होतात, भांडणाच्या अटीने ७०. दोन्ही वजा केल्या तर २१० − १५ − ७० = १२५. हे उत्तर चूक आहे. लग्नात वराकडची यादी आणि वधूकडची यादी नुसती जोडून पानं मांडली, तर दोन्हीकडून नातं असलेल्या मंडळींसाठी दोन-दोन पानं मांडली जातात. पानांची खरी संख्या हवी असेल तर दोन्ही याद्यांत असलेली नावं एकदा कमी करावी लागतात. बाद समित्यांच्या दोन याद्यांचंही तसंच आहे.

दोन्ही याद्यांत कोणत्या समित्या आहेत? स्त्रियांच्या अटीने बाद झालेल्या पंधराही समित्यांत चारही पुरुष आहेत. म्हणजे पोस्टमन आणि तलाठी दोघेही आहेत. या पंधरा दोन्ही याद्यांत आहेत. बाद समित्या ७० + १५ − १५ = ७०, आणि चालणाऱ्या १४०.

म्हणजे भांडणाची अट लावल्यावर स्त्रियांची अट लावण्याची गरजच उरली नाही! कारण डोळ्यांसमोर आहे. पुरुष चारच; त्यांतले दोघे एकत्र येणार नसतील तर समितीत फार तर तीन पुरुष, आणि मग स्त्रिया आपोआप किमान तीन. एक अट दुसरीच्या पोटात होती. पुरुष सहा असते तर असं झालं नसतं. म्हणून अटींची यादी हाती आली की आकडेमोड सुरू करण्याआधी त्या एकमेकींत कशा गुंतल्या आहेत ते पाहून घ्यावं. त्या दोन मिनिटांत पानभर हिशेब वाचतो.

चौकट: अट पाहून वाट

नेमके इतके: प्रत्येक गटातून वेगळी निवड करा आणि गुणा.
किमान / जास्तीत जास्त: ‘नेमके’ असे गट पाडून बेरीज करा, किंवा अट मोडणारे गट कमी असतील तर ते एकूणातून वजा करा. आधी किमान भरून मग उरलेले घेऊ नका.
अमुक हवाच: त्याला घ्या, एक जागा आणि एक नाव कमी.
अमुक नकोच: फक्त एक नाव कमी.
दोघे एकत्र नकोत: एकूणातून ‘दोघेही आहेत’ वजा करा.
दोन अटी एकदम: बाद निवडींच्या याद्यांतला सामाईक भाग एकदाच मोजा.
शंका आली तर: एक समिती हातात घ्या आणि आपल्या रीतीने ती किती वेळा तयार होते ते पाहा.

## लागोपाठ नकोत

शेवटी एक वेगळ्या जातीची अट. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मंडळाला चार संध्याकाळी कार्यक्रम ठेवायचे आहेत, पण लागोपाठ दोन दिवस नकोत. कार्यकर्त्यांना मधे एक दिवस तरी उसंत हवी. दिवस किती प्रकारे निवडता येतील? अट नसती तर दहातून चार, म्हणजे २१०.

इथे ‘लागोपाठ आहेत’ असे प्रकार मोजून वजा करायला गेलं तर गुंता होतो: दोन लागोपाठ, तीन लागोपाठ, लागोपाठच्या दोन वेगळ्या जोड्या. त्याऐवजी कार्यक्रम नसलेले सहा दिवस आधी ओळीत मांडा. त्यांच्यामध्ये पाच फटी आणि दोन टोकांना दोन मोकळ्या जागा, अशा एकूण सात जागा होतात. प्रत्येक जागेत फार तर एक कार्यक्रमाचा दिवस ठेवायचा, म्हणजे दोन कार्यक्रम शेजारी येण्याची शक्यताच राहत नाही. सात जागांतून चार निवडायच्या: ३५. अट मोजणीत बाहेरून लावली नाही, ती मांडणीतच बसवली. मला ही युक्ती या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते.

मंडळाने आणखी दोन गोष्टी ठरवल्या असं समजू. प्राणप्रतिष्ठेच्या पहिल्या संध्याकाळी कार्यक्रम हवाच, आणि शेवटच्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक असल्याने नकोच. पहिला दिवस पक्का झाला की दुसरा आपोआप रिकामा राहतो. दहावाही रिकामा. उरले तिसऱ्यापासून नवव्यापर्यंतचे सात दिवस. त्यांत तीन कार्यक्रम, चार दिवस सुटीचे. चार सुट्यांभोवती पाच जागा, त्यांतून तीन निवडायच्या: १०. दोनशे दहा शक्यतांतून दहा उरल्या. पहिल्या दिवसाच्या जोडीला त्या अशा: ३-५-७, ३-५-८, ३-५-९, ३-६-८, ३-६-९, ३-७-९, ४-६-८, ४-६-९, ४-७-९ आणि ५-७-९. आता यांतली कोणती तारीख भजनी मंडळाला जमते आणि कोणती मुलांच्या नाटकाला, एवढंच विचारायचं राहिलं.